मागच्या चाकाला कारचा टायर? आधी चेनकडे बघा

काका, सा. न. वि. वि.
माझ्याकडे रॉयल एनफिल्डची सुपर मिटिओर ६५० आहे. दोन वर्षांत बारा हजार किलोमीटर झाले आणि मागचा टायर मधोमध गोटा झाला. कडेला मात्र रबराचे केससुद्धा अजून शाबूत आहेत, फोटो पाठवतो आहे. हल्ली वणीच्या घाटात गाडी वळायला आधी हट्ट करते आणि मग एकदम कलंडते, त्यामुळे मागे बसलेली बायको ओरडते. माझा मावसभाऊ अमेरिकेत डॅलसला असतो, त्याच्याकडे होंडा गोल्डविंग आहे. त्याने मागे चक्क कारचा टायर घातला आहे आणि त्यावर तीस हजार मैल काढले आहेत. तो म्हणतो, तुझंही मागचं चाक सोळा इंचीच आहे, बलेनोचा १९५/५५ आर १६ घाल आणि पाच वर्षं विसर. आमच्या टायरवाल्याने ‘बघू, बसला तर बसवू’ असं सांगितलं. कारचा टायर स्वस्तही पडतो. बसवू का?
— एक वाचक, नाशिक

नमस्कार.

बसवू नका. पण एवढ्यावर पत्र संपवलं तर तुम्ही मावसभावाला फोन लावणार, तो त्याच्या गाडीचा फोटो पाठवणार आणि रविवारी तुम्ही पुन्हा त्या ‘बसला तर बसवू’वाल्याकडे उभे राहणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मावसभाऊ थापा मारत नाही, हे आधी मान्य करू. अमेरिकेत गोल्डविंगवाल्यांमध्ये हे प्रकरण बरंच जुनं आहे. त्यांनी स्वतःला ‘डार्कसायडर’ असं नावही घेतलं आहे, म्हणजे अंधाऱ्या बाजूला गेलेले. ही माणसं थट्टेत बोलतात, पण टायर खरोखर बसवतात आणि त्यावर खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येतात. होंडा याला मान्यता देत नाही, टायर कंपन्याही देत नाहीत, तरी हे चालूच आहे. तेव्हा ‘असं कुणी करतं का’ हा प्रश्न निकाली निघाला. ज्या गाडीवर आणि ज्या रस्त्यावर ते करतात त्यातलं तुमच्याकडे काय आहे, एवढाच हिशेब उरतो.

त्याची गाडी बघा. २००१ ते २०१७ या काळातल्या १८०० सीसी गोल्डविंगचा मूळ मागचा टायर १८०/६० आर १६ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत), आणि रिम पाच इंच रुंद. १९५/५५ आर १६ या कारच्या टायरला किमान साडेपाच इंची रिम लागते. म्हणजे तिथेही अर्धा इंच कमीच पडतो, पण निदान जवळपास तरी जातो. तुमचा टायर १५०/८०-१६. त्या मापाची रिम साधारण साडेतीन ते सव्वाचार इंचांची असते. नेमका आकडा तुमच्या रिमवरच उमटवलेला आहे, गाडी धुताना वाचून घ्या. एवढ्याशा रिमवर १९५ चा टायर चढवला की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि मधला पट्टा फुगून वर येतो. ना तो धड सपाट राहत, ना गोल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून मथळ्यातच घातली. गोल्डविंगला चेन नाही. तिचं मागचं चाक शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर चालतं, आणि चाकाला धरणारा आर्मही एकाच बाजूला असतो. तुमच्या गाडीला चेन आहे. १५० चा टायर काढून १९५ चा घातला तर कागदावर प्रत्येक बाजूला साडेबावीस मिलिमीटर वाढतात. आज संध्याकाळी मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचलून घ्या आणि टायरची कड व चेन यांच्यामधल्या फटीत बोट घालून बघा. बोट जाईल. पण बोटभर फटीतून दीड बोट रुंदीचं रबर जात नाही. शिवाय चेन काही एका जागी सरळ रेषेत राहत नाही. खड्ड्यात मागचा शॉकअप दबला, मागे बायको आणि बॅगा असल्या, चेन थोडी ढिली झालेली असली की ती हेलकावे खाते.

हे मी स्वतः केलेल्या मूर्खपणाच्या जोरावर सांगतो आहे. तरुणपणी माझ्या बुलेटला मागून दिसायला रुंद टायर हवा होता. कारचा नाही, मोटारसायकलचाच, फक्त दोन मापं मोठा. गॅरेज माझंच होतं, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हतं. स्टँडवर चाक छान फिरलं, कुठे घासलं नाही. कुंभार्ली घाटात दोघं बसून उतरताना मागून करवतीसारखा आवाज यायला लागला. चिपळूणला थांबून पाहिलं तर चेनने टायरच्या कडेला चांगलीच खोल खाच पाडली होती. आणखी वीस किलोमीटर गेलो असतो तर आत कॉर्ड, म्हणजे टायरचा धाग्यांचा सांगाडा, लागली असती. तेव्हापासून स्टँडवर फिरणाऱ्या चाकावर माझा विश्वास नाही.

आता तो ‘बसला तर बसवू’. सोळा इंच म्हणजे सोळा इंच, असं आपल्याला वाटतं. पण टायरची जी कड रिममध्ये जाऊन बसते, ज्याला आपण बीड म्हणतो, ती कारची वेगळ्या आकाराची असते आणि मोटारसायकलची वेगळ्या. रिमच्या आतली बैठकही त्या त्या बीडसाठी कातलेली असते. मोटारसायकलच्या रिममधला उंचवटा कशासाठी असतो, तर हवा गेली तरी टायर लगेच रिमवरून घसरू नये म्हणून. चुकीचा बीड त्या बैठकीत नीट बसत नाही. मग टायरवाला काय करतो? साबणाचं पाणी लावतो आणि हवा वाढवत नेतो. चाळीस, पन्नास, साठ... कधीतरी ‘फट्’ असा आवाज येतो आणि सगळे म्हणतात, बसला. कधी कधी बीडची तार तुटते किंवा टायर रिमवरून उडतो, तेव्हा समोर वाकलेल्या माणसाचा हात किंवा चेहरा जातो. आमच्याकडे एका पोराची दोन बोटं अशीच मोडली. रिम आणि टायर यांचं माप जुळत नाही हे मला दिसत होतं, तरी गिऱ्हाईक थांबलंय म्हणून मी ‘अजून थोडी मार’ म्हणालो होतो. तो पोरगा आता स्वतःचं दुकान चालवतो आणि चाळीसच्या वर एक काटासुद्धा जाऊ देत नाही.

बरं, समजा जादू झाली. रुंद रिम मिळाली, चेनही वाचली, बीडही बसला. तरीही गाडी वळणार कशी?

घरात गोल बुडाचा तांब्या असेल तर तो ओट्यावर ठेवून एका बाजूला ढकला. सहज कलतो. आता सपाट बुडाचं पातेलं ढकला. ते आधी हलायलाच तयार नसतं, आणि हललं की एकदम कडेवर उभं राहतं. मोटारसायकलचा टायर तांब्यासारखा असतो. गाडी कितीही कलवली तरी रस्त्याला टेकणारा भाग हळूहळू सरकत जातो आणि रबराचा तेवढाच तुकडा खाली राहतो. कारचा टायर पातेल्यासारखा. कार वळणात कलत नाही, म्हणून तिचा टायर सपाट असतो, आणि कारसाठी ते बरोबरच आहे. बाइकला तो लावून कलवलं की तुम्ही त्याच्या खांद्यावर चढता. गाडी सतत स्वतःला उभं करायला बघते आणि संपूर्ण वळणभर तुम्हाला हँडल दाबून धरावं लागतं. डार्कसायडरही हे नाकारत नाहीत. ‘सवय होते’ असं म्हणतात, आणि त्यांना होतही असेल. कारच्या टायरची बाजू मऊ असते, ती दुमडते आणि त्यामुळे पट्टा बराचसा रस्त्यावर टिकतो, असंही ते सांगतात. चारशे किलोच्या आसपासच्या गोल्डविंगखाली ती तशी दुमडत असेल. तुमची गाडी २४१ किलोची. बलेनोचा तो टायर सहसा ८७ भारांकाचा असतो, म्हणजे एकट्याने ५४५ किलो पेलणारा. तुमच्या गाडीच्या मागच्या भागाचं वजन त्याला जाणवायचंसुद्धा नाही. तो दुमडत नाही, नीट तापत नाही, आणि पावसाळ्यात हलक्या वजनाखालचा रुंद सपाट पट्टा पाणी कापण्याऐवजी त्यावर तरंगायला लागतो.

आणि पुढचा टायर? तो गोलच राहणार. म्हणजे पुढचं चाक म्हणतंय वळ आणि मागचं म्हणतंय सरळ चल.

आता तुमचा फोटो पुन्हा काढून बघा. मधोमध सपाट, कडेला नवाकोरा. म्हणजे बारा हजार किलोमीटर महामार्गावर चालवून तुम्ही तुमच्या गोल टायरचा जवळजवळ कारचा टायर करून टाकला आहे. ‘आधी हट्ट करते आणि मग एकदम कलंडते’ हे तुमचं वाक्य त्या सपाट झालेल्या पट्ट्याचंच वर्णन आहे. सपाटीवरून कडेच्या गोलाईवर उतरताना जी पायरी लागते, ती तुम्हाला हँडलवर जाणवते आणि वहिनींना पोटात. ज्या दुखण्यावर तुम्ही औषध शोधताय तेच दुखणं विकत घ्यायला निघाला आहात, आणि तेही नवं कोरं, आठ मिलिमीटर जाड, पाच वर्षं न झिजणारं.

मावसभावाला हे का खटकत नाही, याचं उत्तर त्याच्या रस्त्यात आहे. टेक्सासमधून आरपार जाणारा आय-टेन हा महामार्ग एकट्या त्या राज्यात ८८० मैलांच्या आसपास भरतो. सकाळी निघायचं, वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल लावायचा आणि सूर्य दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत सरळ जायचं. तिथे टायरचा मधला भागच झिजतो, तेव्हा जिथे झीज होते तिथे रबर जास्त घालायचं हा त्यांचा हिशेब असतो, आणि तो वेडगळ म्हणता येत नाही. आपल्याकडे मात्र गंमत बघा. त्या धर्तीचे रुंद, मोकळे रस्ते म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी, आणि दोन्हींवर दुचाकीला बंदी. समृद्धी तुमच्या नाशिक जिल्ह्यातूनच जातो, पण तुम्ही तो पुलाखालून बघायचा. आपल्या वाट्याला येतो कसारा, माळशेज, वणीचा गड, आणि जुन्या रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. सपाट टायर चाकोरी सोडत नाही, हे बैलगाडीच्या काळापासून ठाऊक आहे. गोल टायरची बाइक चाकोरी ओलांडताना थोडी डुलते. सपाट टायरची कड चाकोरीच्या भिंतीवर चढते आणि मागचं चाक तुम्हाला न विचारता दिशा घेतं. ओव्हरटेक करताना, बाजूला कंटेनर असताना, हे मला तरी नको आहे.

ब्रेकचं एक सांगून टाकतो, कारण मावसभाऊ तो मुद्दा काढणारच. सरळ जाताना कारच्या टायरचा पट्टा जास्त टेकतो, म्हणून ब्रेक चांगला लागतो, असा दावा असतो. सरळ रेषेत, कोरड्यावर, मागच्या ब्रेकपुरतं त्यात तथ्य आहे. पण जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होतं. थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं, आणि ते तर तुम्ही बदललेलंच नाही.

मापाचंही बघून घ्या, साधी बेरीज आहे. १५०/८०-१६ चा व्यास साधारण ६४६ मिलिमीटर येतो, १९५/५५ आर १६ चा ६२१. चाक पंचवीस मिलिमीटरने लहान, म्हणजे गाडीची मागची बाजू बारा-तेरा मिलिमीटर खाली. क्रूझरचे फूटरेस्ट आधीच जमिनीजवळ, ते आणखी लवकर घासणार. साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहणार, आणि उतारावर वाऱ्याची झुळूकही तिला दुसऱ्या बाजूला लोळवायला पुरेल. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करून ब्रेक लागताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचा हिशेबही कंपनीने लावून दिलेला राहणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध फेरबदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नाक्यावरचा हवालदार वाकून टायरचं माप वाचणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेअर वाचतो. आणि मागे बसलेल्या माणसाला लागलं असेल तर तो वाद फक्त पत्र्याचा राहत नाही.

कारचा टायर लावलेल्या मोटारसायकली अगदीच चुकीच्या असतात असंही नाही. साइडकार जोडलेल्या गाडीला मागे कारचा टायर घालणारे शहाणे लोक आहेत, कारण साइडकारवाली गाडी कलतच नाही. सौराष्ट्रातला छकडा पाहिला असेल, पुढून बुलेट आणि मागून गाडा. त्याच्या मागच्या दोन चाकांना चौकोनी टायर शोभतो. तीन चाकं झाली की पातेलं चालतं. दोन चाकांवर तांब्याच हवा.

मग करायचं काय? तुमचं १५०/८०-१६ हे माप अडनिडं नाही. हार्लेच्या कितीतरी स्पोर्टस्टरना मागे हेच माप असायचं. त्यामुळे लांब पल्ल्यासाठी, कमी झिजणारे, खास क्रूझरचे टायर या मापात परदेशी कंपन्या बनवतात. मेट्झेलरचा एमई ८८८ आहे, मिशेलिनचा कमांडर आहे. महाग आहेत, आणि मागवायला वेळ लागू शकतो. नाहीतर कंपनीने दिला होता तोच पुन्हा घाला, त्यात कमीपणा काही नाही. कुठलाही घ्या, भारांक आणि वेगाचं अक्षर (टायर किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारं) मूळ टायरइतकं किंवा त्याहून वरचं असू द्या. बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. ‘३५२४’ असेल तर तो २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. दुकानात तीन वर्षं ऊन खात पडलेला टायर सवलतीत मिळाला म्हणून घेऊ नका. बाणाची दिशा बघून बसवा आणि बॅलन्सिंग करून घ्या.

आणि माझा खरा संशय हवेवर आहे. पत्रात तुम्ही बाकी सगळं लिहिलंत, हवा किती ठेवता ते नाही. हँडबुकात एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. आपल्याकडे बहुतेक जण पंपावर गाडी तापलेली असताना ‘टाक रे नेहमीचं’ म्हणतात. पंपाच्या काट्याचं काय सांगावं, एकाच गावातले दोन पंप एकमेकांशी जमवून घेत नाहीत. हवा जास्त झाली की टायर मधोमध फुगतो आणि मधूनच झिजतो. तुमचा फोटो मला तसंच काहीसं सांगतो आहे, अर्थात सरळ महामार्गाचाही त्यात वाटा असणार. एक साधा गेज विकत घ्या आणि सकाळी गाडी थंड असताना घरीच बघा, आठवड्यातून एकदा. चेनची ओढ आणि चाक सरळ आहे का, हेही टायर बदलतानाच बघून घ्या, कारण चाक तेव्हा निघालेलंच असतं.

सध्याच्या टायरवर मात्र आणखी दिवस काढू नका. दुचाकीला नियमानं ०.८ मिलिमीटर खोली चालते, पण पावसाळ्याआधी मी त्या आकड्याची वाट बघत नाही. दीड मिलिमीटर राहिली की मी टायरवाल्याकडे जातो, आणि तुम्ही तर ‘गोटा’ असा शब्द वापरला आहे.

नवा टायर पहिले दीडशे किलोमीटर निसरडा असतो, तेवढं सांभाळून चालवा. आणि मावसभाऊ डिसेंबरात भारतात येणार असेल तर त्याला चावी द्या आणि तुमच्या गाडीवरून वणीचा गड उतरून यायला सांगा. वहिनींना त्या दिवशी बसने पाठवा.

— काका